आक्काची पुडी

आमचं दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एक पडदा होता, तेवढंच. पडद्याच्या अलीकडं मेडिकल, पलीकडं आम्ही. आईची फोडणी दुकानात जायची आणि दुकानातला तो कडसर, थंड वास आमच्या भाकरीला लागायचा. पाहुणे चेष्टा करायचे, तुमच्याकडं नुसतं जेवलं तरी ताप उतरतो म्हणून. हिंगोलीत मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून आमची गल्ली. सकाळी शटरचा खडखडाट, मग हमालांच्या हाका, मग पोत्यांच्या गाड्यांचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या वर अण्णांचं खाकरणं. हळदीचा हंगाम असो नसो, काउंटरच्या काचेवर पिवळी धूळ बसायचीच. गल्ल्यातल्या नोटा पिवळ्या, गिऱ्हाइकांच्या टाचा पिवळ्या. आज इतक्या वर्षांनी, दुसऱ्या शहरात, कुणी हळदीचं पाकीट फोडलं तरी माझ्या कानात आधी ते शटर वाजतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. औषधाचं नाव सांगणारं गिऱ्हाईक आमच्याकडं विरळाच. "अण्णा, ती गुलाबी द्या," "मागल्या बारीची द्या," "शेजारणीला दिली तसली द्या," असंच सगळं. अण्णांना ते बराबर कळायचं आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. दुकानात कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टानं, जुना, दुसऱ्याचा वापरलेला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, त्यामुळं बिलं करायचं काम माझ्याकडं आलं. अण्णा त्याला डबडं म्हणत. "माझ्या डोस्क्यात हाय ते तुझ्या डबड्यात यायला दहा जन्म लागतील," असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. मी चिडायचे. पण सकाळी देवापुढं फिरवलेली उदबत्ती ते गुपचूप डबड्यापुढंही फिरवायचे, हे मी पाहिलेलं होतं.

घरात सगळ्यात मोठा मान कौसाआत्याचा. अण्णांची थोरली बहीण, साखऱ्याला दिलेली. अण्णांची आई लवकर गेली म्हणून हिनंच त्यांना कडेवर वाढवलं. अण्णा तिला आक्का म्हणत, त्यामुळं घरात आक्काचा पाट, आक्काचा तांब्या, आक्काची पुडी अशी तिची संपत्ती होती. पुडी म्हणजे तिच्या हृदयाची गोळी. नांदेडला तिच्या छातीचं ऑपरेशन झाल्यापासून ती गोळी रोज लागायची. दर महिन्याला अण्णा ड्रॉवरमधून पिवळ्या पट्टीची स्ट्रिप काढायचे, मी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोरा बांधायचे, आणि गजाभाऊ ती आपल्या काळी-पिवळी जीपमधून साखऱ्याला पोचवायचा. परतीच्या फेरीत त्याच पिशवीतून आत्याकडून जवसाची चटणी यायची, शेंगा यायच्या, आंबाडीची जुडी यायची. आंबाडीची भाजी, त्यावर लसणाचं कडकडीत तेल आणि ज्वारीची भाकरी. पिशवी आली त्या दिवशी अण्णा पडद्याआड बसून दोन भाकरी जास्त खायचे आणि आई म्हणायची, "बहिणीची भाजी गोड लागती, मी काय माती घालते का?"

मी मुळात भित्री. पाल दिसली तरी आधी किंचाळणार, मग बघणार. पण त्या पावसाळ्यातल्या एका दिवशी मला जी भीती वाटली ती निराळीच होती. किंचाळायला जागाच नव्हती तिच्यात.

पोळा तोंडावर आला होता. बाहेर मातीच्या बैलांच्या हातगाड्या लागल्या होत्या. त्या वर्षी पाऊस आणि घाम मिळून हिंगोलीत ज्याला त्याला नायटा झालेला. बायका पदराआडून मान खाजवायच्या, पुरुष तर काउंटरवर उभं राहून बिनधास्त खाजवायचे. अण्णा मलम द्यायचे, आणि मलमानं जात नसेल तर आठवड्याला एक घ्यायची गोळी द्यायचे. चिठ्ठी कोण विचारतंय! अशा दिवसांत दुपारच्या वेळी समोरच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई स्वतः चालत दुकानात आल्या. त्या कधी यायच्या नाहीत, चिठ्ठ्या यायच्या. त्यांच्या हातात आमच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत दोन स्ट्रिप.

"अण्णा, या दोन्ही तुमच्याकडच्या ना?"

अण्णांनी चष्मा वर केला. "व्हय. किसनरावाच्या. काहून?"

किसनराव आमचे जुने गिऱ्हाईक, मोंढ्यात मुनीम होते. बाईंनी आवाज खाली आणला. त्यांनी सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. एक गोळी रक्त पातळ करायची, ती त्यांना नेहमीची. दुसरी नायट्याची. ही दुसरी पोटात गेली की पहिली शरीरातून बाहेर पडत नाही, साचत जाते, आणि रक्त गोठायचं विसरतं. किसनरावांच्या मेंदूत रक्त उतरलं होतं. त्यांना नांदेडला नेलं होतं.

"आणखी कुणाला दोन्ही दिल्यात का?" बाईंनी विचारलं. "आठवून पाहा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, डोकेदुखी. यातलं काही नसलं तरी रक्त तपासायला पाठवा. पण आजच शोधा. उद्या नको."

त्या गेल्या. अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, ते एकेक गिऱ्हाईक आठवत होते. बोटांवर मोजायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दर महिन्याला शेकड्यांनी माणसं येणार, कुणाकुणाला आठवायचं? शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्योते, तुझ्या त्या डबड्याला इचार बाई."

मी घाबरतच की-बोर्ड पुढं ओढला. पण मनातून, खोटं कशाला बोलू, थोडं फुशारल्यासारखंही झालं. कॉम्प्युटरमध्ये आमची दोन टेबलं, म्हणजे तक्ते, होती. एकात बिलं: नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गाव. दुसऱ्यात त्या बिलांमधल्या ओळी, एका ओळीत एकच औषध. मी दोन्ही टेबलं बिलाच्या नंबरावर जोडली, क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहिली आणि अट घातली: औषध रक्ताचं असावं आणि औषध नायट्याचं असावं. माणूस तोंडानं बोलेल तसंच लिहिलं. बटण दाबलं. पंखा घुर्र करत राहिला आणि स्क्रीनवर आलं की अशी एकही ओळ नाही.

"कुणीच न्हाई, अण्णा!" मी ओरडलेच. "कुणीच न्हाई!"

अण्णांनी भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. आई पडदा सारून बाहेर आली, तिनं माझ्यावरून आणि डबड्यावरून एकाच वेळी मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि दुप्पट साखरेचा चहा टाकला. आम्ही तिघं काउंटरमागं चहा प्यायला बसलो. अण्णा म्हणाले, "देवानं राखलं." मी पहिला घोट घेतला, आणि दुसरा घेता घेता थांबले.

किसनराव कुठं होते?

किसनरावांनी तर दोन्ही गोळ्या नेल्या होत्या. बाईंच्या पिशवीतल्या स्ट्रिप अण्णांनी ओळखल्या होत्या. मग त्यांचं नाव तरी यायला पाहिजे होतं. मी कप खाली ठेवला आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. हळूहळू माझ्या टाळक्यात उजेड पडला. कॉम्प्युटर एका वेळी एकच ओळ हातात धरतो. ती ओळ रक्ताच्या गोळीची असली तर नायट्याची कशी असेल? मोंढ्यातल्या हमालाला म्हटलं की असं पोतं दाखव ज्यावर हळदीची पण चिठ्ठी आहे आणि सोयाबीनची पण, तर तो काय दाखवणार? हात हलवत येणार. तसंच डबडं हात हलवत आलं होतं आणि आम्ही त्याची दृष्ट काढली.

"अण्णा, चुकलं. माझं इचारणंच चुकलं."

अण्णांनी अर्धा चहा तसाच मोरीत ओतला.

मग मी 'आणि' काढून 'किंवा' घातलं. बापरे! नावांचा पूर आला. अख्ख्या हिंगोलीचा नायटा स्क्रीनवर खाली खाली पळायला लागला. त्यातून कुणाला निवडणार? मला रडायला येत होतं. बाहेर एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, आईनं तिला कधी नव्हे ते तुसडेपणानं "थांबा जरा" म्हटलं. मी डोळे मिटले आणि वर्गातल्या फळ्यावर सरांनी काढलेले दोन चौकोन आठवायचा प्रयत्न केला. सर म्हणाले होते, एकच टेबल दोनदा घेता येतं. एकाच माणसाचे दोन फोटो समोरासमोर ठेवावेत तसं. एकाला एक नाव द्यायचं, दुसऱ्याला दुसरं, आणि मग दोघांना वेगवेगळ्या अटी घालायच्या. तेव्हा मला ते उगाचच्या उगाच वाटलं होतं. मी तर त्या तासाला मैत्रिणीच्या वहीत मेंदीची नक्षी काढत होते.

मी ओळींचं टेबल दोनदा घेतलं. पहिल्याला अट: औषध रक्ताचं. दुसऱ्याला अट: औषध नायट्याचं. दोन्ही एका बिलावर जोडली. दोन नावं आली. किसनराव त्यात नव्हतेच! मी काउंटरवर डोकं आपटायची तेवढी बाकी राहिले. "एकाच बारीला नेल्या नसतील ना त्यानं," आई मागून म्हणाली. "रक्ताची महिन्याच्या म्हैन्याला, नायट्याची मधीच कव्हातरी." खरंच की. दोन बिलं, दोन तारखा, माणूस एक. म्हणजे बिलांचं टेबलही दोनदा घ्यायला पाहिजे, आणि जोडायचं ते नंबरावर नाही, तर नाव तेच आणि गाव तेच असल्यावर. नुसत्या नावावर जोडून भागत नाही, आमच्याकडं एका नावाची सतरा माणसं. वर आणखी एक अट, नायट्याचं बिल या पावसाळ्यातलंच हवं. मी एकेक अट लिहायची आणि मोठ्यांदा वाचायची, अण्णा मान डोलवायचे, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं तरी. बटण दाबताना मला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी घराचं दार उघडतोय आणि आत काय असेल ते माहीत नाही.

पहिलं नाव किसनरावांचं. एखाद्याचं नाव दिसल्याचा इतका आनंद आणि इतकी भीती मला पुन्हा कधी एकदम झाली नाही. त्यांच्याखाली आणखी चार. अण्णांनी चारही नावं तळहातावर पेननं लिहिली, कागद जवळ असूनही. मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंकडं आई चप्पल न घालताच पळाली. त्यांनी नायट्याची गोळी पोरासाठी नेली होती, त्या सुटल्या. दोघांना अण्णांनी फोन केला. एकानं गोळी अजून फोडलीच नव्हती, दुसरा घेत होता. त्याला असाल तसे हॉस्पिटलात जा म्हणून सांगितलं आणि तो गेल्याचा उलटा फोन येईपर्यंत अण्णा दुकानात फेऱ्या मारत राहिले. चौथं नाव गजाभाऊचं, गाव साखरा.

"ह्याला काय धाड भरली रक्ताची गोळी खायला?" अण्णा म्हणाले. गजाभाऊची जीप स्टँडजवळ उभीच होती. त्याला हाक मारून आणलं, तर तो आधी घाबरला, मग हसायला लागला. रक्ताची गोळी तो गावातल्या एका म्हाताऱ्यासाठी न्यायचा आणि नायट्याची स्वतःसाठी. पैसे देणारा तो, म्हणून बिल त्याच्या नावाचं. अर्धं साखरा त्याच्याच नावावर औषध खायचं म्हणे. त्या म्हाताऱ्याला नायटा नव्हता, हे त्यानं आपल्या आईची शपथ घेऊन सांगितलं. झालं. चारी नावं मिटली. अण्णांनी तळहात पँटला पुसला.

"काढून टाक ह्या," असं म्हणत त्यांनी ड्रॉवर ओढला आणि रक्ताच्या गोळीच्या सगळ्या स्ट्रिप काउंटरवर ओतल्या. आता या चिठ्ठीशिवाय हलणार नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवायच्या, असं काहीसं ते बोलत होते. मी स्ट्रिप गोळा करायला हात घातला आणि हात तिथंच राहिला. पिवळी पट्टी. दर महिन्याला मी कागदात गुंडाळायची ती. आमच्या घरात तिला कधीच कुणी रक्ताची गोळी म्हटलं नाही, ती आक्काच्या हृदयाची गोळी होती.

"अण्णा, ही तर आत्याची गोळी."

"मंग? तिचीच हाय."

"तिचं नाव न्हाई आलं यादीत."

"बहिणीचं बिल फाडतो का मी?" अण्णा खेकसले. "आक्का काय गिऱ्हाईक हाय?"

बाहेर मातीचे बैल विकणारा ओरडत होता. गजाभाऊ दारात उभा होता. अण्णांचा चेहरा बघता बघता उतरला.

"राखीला आली तव्हा," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "जाताना म्हणली, बाळ्या, कंबरंला लय खाजून राहिलं, झोप न्हाई. मीच दिली गं. ह्या हातानं. वर म्हणलं, मलमाच्या भानगडीत पडू नको, ही घे, चार हप्त्यांत साफ व्हतंय."

अण्णांनी आत्याच्या घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. साखऱ्यात तेव्हा फोन लागला तर लागला, आणि लागला तरी घरात माणूस असायला पाहिजे. तिसऱ्यांदा लावला, तरी तेच. गजाभाऊ म्हणाला, "अण्णा, बसा जीपमधी. शिटा भरायच्या राहू द्या." जीपमध्ये आधीच बसलेल्या दोन बायांना त्यानं उतरवलं तेव्हा त्यांनी त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मी अण्णांच्या मागं चढले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, नको पण म्हटलं नाही.

सेनगावच्या रस्त्यानं जाताना दोन्हीकडं सोयाबीन हिरवंगार उभं होतं, हे मला आठवतं. त्या हिरव्याचा मला राग आला होता, हेही आठवतं. अण्णा पूर्ण रस्ता एकच वाक्य बोलत होते, "तिला सांगायला पायजे व्हतं, तिला सांगायला पायजे व्हतं," आणि काय सांगायला पाहिजे होतं ते त्यांनाच माहीत नव्हतं. मी देवाला नवस बोलत होते. एक बोलायची, तो कमी वाटायचा, मग दुसरा. चप्पल सोडीन, गोड सोडीन, कॉम्प्युटरसुद्धा सोडीन.

आत्याच्या अंगणात मूग वाळत पडला होता आणि दाराला कडी. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "कौसाबाई व्हय? रानात गेल्या मूग तोडायला. सकाळी म्हणल्या डोस्कं लय दुखून राहिलं. म्या म्हणलं, पडा जरा, तर म्हणल्या पोळा कोण करल?"

डोकं दुखतंय. अण्णा चिखलातून पळायला लागले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला, कधी पळालेला मी पाहिला नव्हता. एक चप्पल चिखलात रुतून राहिली, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मला बांधावरून आधी काहीच दिसेना, नुसता मूग. मला वाटलं ती कुठंतरी सरीत आडवी पडलीय. मी "आत्या, आत्या" अशी हाक मारत होते.

मग मुगातून एक लुगडं उभं राहिलं. "कोण हाय रं? बाळ्या? काय झालं, कोण गेलं?" आत्यालाच वाटलं की आम्ही कुणाच्या मरणाची खबर घेऊन आलोय. अण्णा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तिचा हात धरला, बाही वर सारली. कोपरापासून दंडापर्यंत जांभळं पडलं होतं.

"पोतं लागलं आसल," ती म्हणाली. "चालायचंच. हिरड्या पण फुटल्यात, मिश्री घासून." आणि हसली. तिच्या दातांच्या कडांना रक्त होतं.

येतानाचा रस्ता जातानाच्याहून वाईट होता. अण्णांनी सेनगावातून डॉक्टरबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, लवकर आणा, पण डोक्याला दणका बसू देऊ नका. आता लवकर आणा आणि दणका नको हे दोन्ही आमच्या रस्त्यावर कसं जमायचं? गजाभाऊ, जो एरवी खड्डा दिसला की जीप उडवायचा, तो त्या दिवशी बैलगाडीसारखा चालवत होता. प्रत्येक खड्ड्याआधी तो "हां, आला, आला" म्हणून ओरडायचा आणि अण्णा आत्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून छातीशी दाबायचे. खड्डा गेला की आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघायचो. ती बोलतेय ना, तेवढंच बघायचं. आणि ती बोलत होतीच. रानात विळा राहिला, मूग पाखरं खातील, घरधन्याला निरोप कोण देईल, तू अनवाणी कसा आला, तुला ल्हानपणापासून चपला सांभाळता येत न्हाईत. ती जरा गप्प झाली की अण्णा म्हणायचे, "आक्का, बोल ना गं." मग ती म्हणायची, "बोलून राहिले ना रं! सोड, केस दुखतात." मी सीटचा दांडा इतका घट्ट धरला होता की नंतर बोटं उघडायला दुसऱ्या हातानं मदत करावी लागली.

हॉस्पिटलात तिचं रक्त नळीत काढलं. बाईंनी नळी तिरकी केली, सरळ केली. रक्त पाण्यासारखं इकडून तिकडं जात राहिलं. नर्सला हाक मारताना बाईंचा आवाज चढला. सुया झाल्या, सलाईन लागलं, नांदेडहून रक्ताचा कुठलासा भाग मागवला. डोक्यात रक्त उतरलं नव्हतं. "अजून एक हप्ता गोळी घेतली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. त्या वर्षीचा पोळा आत्यानं आमच्या घरी, पडद्याआड खाटेवर पडून केला. आईनं मातीचे दोन बैल तिच्या उशाशी आणून ठेवले आणि ती कुरकुरली, "शिंगं वाकडी हायती एकाची."

किसनराव वाचले, पण त्यांची वाचा गेली. अण्णा दर सोमवारी त्यांच्या घरी जाऊन बसायचे, दोघंही गप्प. आल्यावर जेवायचे नाहीत. चिठ्ठीशिवाय गोळी देणं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाइकं तुटली, पलीकडच्या दुकानात गेली, अण्णांनी कुणाला थांबवलं नाही. मी पुढं हेच काम पोटापाण्यासाठी धरलं. माझ्या हाताखालची पोरं क्वेरी चालवतात, शून्य ओळी आल्या की खूश होतात, आणि मी त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहते. ती मला चिवट म्हातारी म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू देत. शून्य दिसलं की आजही माझ्या तोंडात त्या गोड चहाची चव येते.

भाऊबीजेला आत्या आली. तोंडावर तेज आलेलं, नवं लुगडं, पिशवीत चटणी. ओवाळणं झालं, जेवणं झाली, अण्णा मात्र ताटावर बसले नाहीत. निघायच्या वेळी अण्णा ड्रॉवरपाशी गेले, स्ट्रिप काढली, आणि मला म्हणाले, "ऊठ." मी खुर्चीवरून उठले. ते डबड्यापुढं बसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी गिऱ्हाइकाच्या जागी आत्याचं नाव लिहिलं. गावाच्या जागी साखरा. पैशाच्या जागी शून्य. कॉम्प्युटरनं ते घेतलं नाही. पुन्हा शून्य. पुन्हा नाही. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग जरा विचार केला आणि लिहिलं सव्वा रुपया.

आत्या दारातून बघत होती. "काय रं बाळ्या, भाऊबीजेला बहिणीचं बिल फाडतो?"

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी आपल्याच खिशातून रुपया आणि चार आणे काढले आणि गल्ल्यात टाकले. "पैसे माझे. तू फकस्त नाव दे, आक्का. दर महिन्याला नाव देत जा."

प्रिंटर करकरत राहिला. आत्यानं बिल उलटंसुलटं करून पाहिलं, तिला वाचता येत नव्हतं, आणि चौघडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. गजाभाऊनं बाहेर हॉर्न दिला. जीप वळणापलीकडं गेल्यावर अण्णा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"रक्ताच्या गोळीवाले सगळे काढ बरं," ते म्हणाले.

मी काढले. बरीच नावं आली. मी खाली खाली जात राहिले.

"आली का?"

"आली, अण्णा."

त्यांनी वाकून, बोट काचेला टेकवून तिचं नाव स्वतः वाचलं. मग पडदा सारून आत गेले आणि आईला म्हणाले, "वाढ."